पालिकेच्या प्रसूतिगृहाला अर्धपुतळा आणि तैलचित्र भेट द्यायचं आहे: होकार-नकार कशावर ठरतो?

दादर_पश्चिम

एका नोंदणीकृत सार्वजनिक ट्रस्टतर्फे विचारतो आहे. पालिकेच्या एका प्रसूतिगृहाला दोन वस्तू द्यायच्या आहेत. पहिली, तिथे काम केलेल्या आणि आता हयात नसलेल्या डॉक्टरबाईंचा ब्राँझचा अर्धपुतळा: अडीच फूट उंच, खाली २ बाय २ फुटांचा, ४ फूट उंच ग्रॅनाइटचा चौथरा, जागा पहिल्या मजल्यावरची लॉबी. दुसरी, ओपीडीच्या प्रतीक्षागृहासाठी ६ बाय ४ फुटांचं तैलचित्र. इमारत तळमजला अधिक चार, जुनी, पण हेरिटेज यादीत नाही.

अर्ज कोणाकडे करायचा? चित्र चांगलं की वाईट हे कोण ठरवतं? असे प्रस्ताव नेमके कुठे अडतात? आणि एकदा दिल्यावर वस्तूवर ट्रस्टचा काही हक्क राहतो का? काम जवळून माहीत असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

टिपणी_वाचक

कलेचा दर्जा हा या फायलीतला सगळ्यात लहान कागद असतो. टिपणी लिहिणाऱ्याच्या डोक्यात प्रश्न वेगळेच असतात: हे पडलं तर, चोरीला गेलं तर, रंग उडाला तर, जयंतीला पन्नास माणसं हार घेऊन आली तर, इमारत दुरुस्तीला काढली तर कोण निस्तरणार? या प्रश्नांची उत्तरं अर्जातच असली की फाइल सरकते. नसली की "सविस्तर माहिती मागवावी" असा शेरा पडून परत येते.

म्हणून आधी दोन वस्तूंचे दोन अर्ज करा. एकत्र केलात तर चित्रही पुतळ्याच्या वेगाने चालेल, म्हणजे जवळजवळ चालणारच नाही.

चित्र ही हलवता येणारी वस्तू आहे. अर्ज प्रसूतिगृहाच्या प्रमुखांमार्फत सार्वजनिक आरोग्य खात्याला, प्रत विभागाच्या साहाय्यक आयुक्तांना. भिंतीसाठी इमारत परिरक्षणाचा अभिप्राय, अडथळा होत नाही यासाठी अग्निशमन दलाचा. तिथल्या प्रमुखांचं "आम्हाला हे हवं आहे, अमुक भिंतीवर हवं आहे" असं एका पानाचं पत्र सोबत जोडता आलं तर निम्मं काम होतं. देणगीदाराने परस्पर वरून आणलेली वस्तू खालच्या माणसांना आपली वाटत नाही, आणि मग ती जिन्याखाली जाते.

पुतळ्याचं प्रकरण वेगळं. व्यक्तीचा पुतळा म्हटला की सामान्य प्रशासन विभागाचा २ मे २०१७ चा शासन निर्णय समोर येतो: जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती, जागेच्या मालकीचे कागद, स्थानिक संस्थेचा ठराव, पोलिसांचा अभिप्राय, क्ले मॉडेलला (पुतळ्याच्या मातीच्या नमुन्याला) कला संचालनालयाची मान्यता, खर्च आणि देखभाल संस्थेची. मुंबईत शहर आणि उपनगर असे दोन जिल्हाधिकारी आहेत. दादर म्हणजे शहर. शिवाय सर्वोच्च न्यायालयाचा १८ जानेवारी २०१३ चा आदेश आहे, रस्ते, पदपथ आणि सार्वजनिक वापराच्या जागी पुतळ्यांना परवानगी देऊ नये असा. तुमची लॉबी म्हणजे रस्ता नव्हे. तरी प्रत्येक अधिकारी तो आदेश फायलीला लावतोच, आणि त्यात त्याची चूक नाही. तेव्हा पहिल्याच अर्जात स्पष्ट लिहा: पुतळा इमारतीच्या आत, बंदिस्त लॉबीत, रस्त्यावरून न दिसणारा. आवारात किंवा गेटजवळ ठेवायचा विचार असेल तर तो आत्ताच सोडा.

सोबतचे कागद: ट्रस्टचा ठराव, नोंदणी प्रमाणपत्र, घटनेतलं कोणत्या उद्दिष्टाखाली ही देणगी बसते ते कलम, डॉक्टरबाईंच्या वारसांची लेखी संमती, मापं आणि वजन लिहिलेलं ड्रॉइंग, जागेचा फोटो आणि त्यावर वस्तूची बाह्यरेषा, नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरचं पत्र, फलकाचा शब्दशः मजकूर, देखभालीचं हमीपत्र. मजकूर "नंतर कळवू" असं लिहू नका. भांडणं पुतळ्यावरून कमी, फलकावर कोणाचं नाव कितव्या ओळीत यावरून जास्त होतात.

आणखी एक. "लॉबीला बाईंचं नाव द्यावं" ही मागणी याच अर्जात घुसवू नका. नामकरण हा स्वतंत्र विषय आहे, तो समितीमार्गे सभागृहाकडे जातो.

ओतकाम

चौथऱ्याबद्दल लगेच बोलायला हवं. २ बाय २ बाय ४ म्हणजे १६ घनफूट. ग्रॅनाइट घनफुटाला साधारण ७६ किलो, म्हणजे भरीव दगडाचा चौथरा १,२०० किलोच्या वर. तो ४ चौरस फुटांवर उभा राहणार, म्हणजे चौरस मीटरला सुमारे ३,३०० किलो. भारतीय मानक ८७५ च्या भाग २ मध्ये रुग्णालयाच्या लॉबी-कॉरिडॉरसाठी धरलेला भार ४ किलोन्यूटन, म्हणजे चौरस मीटरला ४०० किलोच्या आसपास. तुम्ही आठपट मागता आहात, तेही जुन्या स्लॅबवर, पहिल्या मजल्यावर. कोणताही इंजिनिअर यावर सही करणार नाही.

उपाय सोपा आहे. स्टेनलेस स्टीलच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा, त्यावर २० मिमीच्या ग्रॅनाइटच्या लाद्या. चार बाजू आणि माथा मिळून ३६ चौरस फूट, वजन १८० किलो. सांगाडा ३० किलो. अडीच फुटांचा ब्राँझ अर्धपुतळा ६ ते ८ मिमी जाडीत ओतला तर ५० ते ८० किलो. खाली चॅनेलचा ३ बाय ३ फुटांचा बेस देऊन वजन पसरवा, म्हणजे सगळं धरून चौरस मीटरला पावणेचारशेच्या आसपास येईल. बेस शक्यतो बीमच्या वर घ्या, भिंतीला दोन ठिकाणी बांधा. आणि हा हिशोब इंजिनिअरच्या पत्रात आकड्यांसकट येऊ द्या. तळमजला मिळाला तर सगळ्यात बरं.

धातूचं: गनमेटल ८५-५-५-५ हा ब्राँझचा प्रकार मागा, म्हणजे तांबं ८५ टक्के, कथील, जस्त आणि शिसं प्रत्येकी ५. ओतल्यावर त्याच धातूच्या तुकड्याचा लॅब रिपोर्ट घ्या. "ब्राँझ" म्हणून पितळ खपवणं अवघड नसतं, वरून रसायनांनी जुनाट रंगाचा थर (पॅटिना) दिला की डोळ्यांना फरक कळत नाही. आतला आधार आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलच्या ३१६ ग्रेडचे, ३०४ चे नकोत. दादरला समुद्र लांब नाही. साधे लोखंडी बोल्ट ब्राँझला टेकले तर दमट खारट हवेत दोन धातूंमधली विद्युत-रासायनिक क्रिया सुरू होते आणि लोखंडच आधी खाल्लं जातं, तेही आतून, न दिसता. चार स्टड, प्रत्येकी १२ मिमीचे, किमान १५० मिमी आत, सांगाड्याला वेल्ड केलेल्या नळीत इपॉक्सीने बसवलेले. जोडाच्या जागी नायलॉनचे वॉशर. पुतळ्याच्या बुडाला ८ मिमीची दोन छिद्रं, आत ओल साचू नये म्हणून.

मान्यतेबद्दल. क्ले मॉडेल शाडूत केलंत तर कला संचालनालयाची पाहणी होईपर्यंत ते ओल्या फडक्यात गुंडाळून रोज पाणी मारावं लागतं, नाहीतर नाक-कान तडकतात. तेलमाती वापरा, ती सुकत नाही. मॉडेल पूर्ण मापाचं करा. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळल्यावर हेच पुढे आलं होतं की मान्यता ६ फुटांच्या मॉडेलला घेतली होती आणि उभा राहिला ३५ फुटांचा. अडीच फुटांच्या अर्धपुतळ्यात असा घोळ घालायचं कारणच नाही. थंड होताना ब्राँझ दीड-दोन टक्के आकसतं, तेवढं माप मूर्तिकाराने आधीच वाढवलेलं असावं.

कॅनव्हास_मागची_बाजू

चित्राकडे येते. वरच्या दोघांनी पुतळ्यावर लिहिलं, पण मुंबईत आधी मरतं ते चित्र.

भिंत निवडताना तीन गोष्टी तपासा. ती पश्चिमेची बाहेरची भिंत नको, कारण पाऊस तिथेच झोडपतो. तिच्या पाठीमागे किंवा वरच्या मजल्यावर संडास-बाथरूमची डक्ट नको. जुन्या इमारतीत गळती ही शंका नसते, वेळापत्रक असतं. आणि जागा जुलै-ऑगस्टमध्ये बघा, ओलावामापक यंत्र लावून. डिसेंबरमध्ये मुंबईतली प्रत्येक भिंत कोरडीच असते.

प्रतीक्षागृहात खुर्च्यांची पाठ भिंतीला घासते, फरशी फिनेलने पुसताना शिंतोडे उडतात, आणि पिचकाऱ्यांबद्दल मी वेगळं लिहीत नाही. चित्राची खालची कड जमिनीपासून किमान ४ फुटांवर ठेवा. कॅनव्हास आणि भिंत यांत २० मिमी हवा खेळती राहील असे कॉर्कचे तुकडे चारही कोपऱ्यांत लावा. मागे बॅकिंग बोर्ड हवाच. झुरळं, कसर आणि पाल यांना कॅनव्हासमागची जागा फार आवडते. बुरशी पुढून दिसायच्या आधी मागच्या बाजूला धरलेली असते.

पुढे संरक्षण हवं. ४ मिमीची साधी काच या मापात २२ किलो होते आणि फुटली तर खाली बाळंतिणी बसलेल्या असतात. तितक्याच जाडीचं अॅक्रिलिक साडेदहा किलो, अतिनील किरण अडवणारं मिळतं. काच लावायचीच असेल तर लॅमिनेटेड. कॅनव्हास आणि अॅक्रिलिक यांत १० मिमीचं अंतर ठेवा, चिकटलं तर रंग सोबत येतो.

भिंत कशाची आहे तेही विचारा. नवीन पार्टिशन एएसी ब्लॉकचं, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटांचं असेल तर साधा रावळप्लग सैल होतो. केमिकल अँकर किंवा त्या ब्लॉकसाठीचा लांब नायलॉन अँकर लागतो. दोन बिंदूंवर टांगा, वरून उचलून काढता येणार नाही असा लॉक असलेला हँगर घ्या.

प्रकाश: तैलचित्राला २०० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) आत पुरतो. जलरंग किंवा कागदावरचं काम असतं तर ५० लक्स, म्हणजे ओपीडीत शक्यच नाही. ते द्यायचं असेल तर मूळ तुम्ही ठेवा, छपाई द्या. रात्री एसी बंद आणि सकाळी चालू होणारी खोली ही सतत दमट असलेल्या खोलीपेक्षाही वाईट, कारण कॅनव्हास रोज ताणतो आणि सैलावतो; रंगाला भेगा त्यानेच पडतात.

माझं ऐकाल तर तैलचित्राऐवजी त्याच चित्रकाराकडून सिरॅमिक टाइल्सवरचं भित्तिचित्र करून घ्या. पुसता येतं, बुरशी धरत नाही. फक्त ते थेट भिंतीवर चिकटवू नका. २ बाय २ फुटांच्या सहा अॅल्युमिनियम पॅनेलवर बसवून स्क्रूने लावा, म्हणजे उद्या भिंत पाडायची झाली तर काढता येईल.

कलम_57

काढता येईल असं करा, हा सल्ला कायद्याच्या बाजूनेही पक्का आहे. दिल्लीच्या विज्ञान भवनात शिल्पकार अमरनाथ सहगल यांचं ब्राँझचं भव्य भित्तिशिल्प होतं. १९७९ मध्ये नूतनीकरणात ते उखडून गोदामात टाकलं, तुकडे झाले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये उरलेलं शिल्प कलाकाराला परत द्यायला आणि ५ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. आधार होता कॉपीराइट कायदा १९५७ चं कलम ५७. कलाकाराने कॉपीराइट लिहून दिला तरी हा नैतिक हक्क त्याच्याकडे उरतो. मात्र त्याच कलमाचं स्पष्टीकरण सांगतं की कलाकृती प्रदर्शित केली नाही, किंवा कलाकाराच्या मनासारखी केली नाही, एवढ्यावरून हक्कभंग होत नाही. म्हणजे पालिका चित्र उतरवून ठेवू शकते, फोडू शकत नाही. विधी खात्याला हे दोन वाक्यांत समजावून दिलंत तर त्यांची भीती बरीच कमी होते.

वस्तू कोणाची, याचं उत्तर: दिली की पालिकेची. जंगम वस्तूची भेट ताबा देऊन पूर्ण होते, नोंदणीकृत दस्त लागतोच असं नाही. पण स्वीकार हवा, म्हणून सही-शिक्क्याचं स्वीकृतिपत्र घ्या. "कायम याच जागी राहील" ही अट घालू नका, तिच्यावरच प्रस्ताव फेटाळला जातो. त्याऐवजी करारात तीन वाक्यं घाला: हलवण्याआधी ट्रस्टला आणि कलाकाराला ६० दिवसांची लेखी सूचना, दुरुस्ती फक्त मूळ कलाकार किंवा प्रशिक्षित संवर्धकाकडून, आणि नको झाल्यास विल्हेवाट न लावता आधी ट्रस्टला परत देण्याचा प्रस्ताव. चित्राचं छायाचित्र पालिकेला अहवालात, पोस्टरवर छापायचं असेल तर चित्रकाराकडून वेगळी लेखी परवानगी. कॉपीराइट कॅनव्हाससोबत जात नाही.

चित्र किंवा शिल्प नवं असेल तर प्रश्न नाही. शंभर वर्षांहून जुनं असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागतो, नोंदणी आणि हस्तांतराची सूचना दोन्ही आली. राजा रविवर्मा, अमृता शेरगिल अशा नऊ कलाकारांच्या कामांना तर वयाची अटही नाही.

कराबद्दल विचारलं नाहीत, पण लोक विचारतातच: वस्तूरूप देणगीवर आयकरातली देणगीची वजावट (८०जी) मिळत नाही. "पालिकेने अमुक लाखांची पावती द्यावी" असा आग्रह धरू नका, मूल्यांकन कोणी करायचं यावर महिने जातात.

प्याऊप्रेमी

थोडा वेगळा सूर लावतो. स्मारकच करायचं तर पुतळाच का? मुंबईत आठवणीसाठी दान देण्याची जुनी रीत पाण्याची आहे. फोर्टातलं रतनसी मुळजी जेठांचं कारंजं मुलाच्या स्मरणार्थ बांधलेलं आहे, मशीद बंदरच्या भातबाजारातलं केशवजी नाईकांचं १८७६ चं. बाळंतिणीच्या नातेवाइकांना रात्री दोन वाजता पिण्याचं पाणी हवं असतं, अर्धपुतळा नव्हे. पालिकेलाही अशी वस्तू नाकारणं जड जातं.

जागेच्या हट्टाबद्दल वर लिहिलंय ते खरंच आहे. फ्लोरा फाउंटन मुळात राणीबागेसाठी होतं, ते फोर्टात राहिलं. अल्बर्ट ससूनने दिलेला काळा घोडा, म्हणजे अश्वारूढ पुतळा, १८७९ पासून फोर्टात होता, तो १९६५ मध्ये राणीबागेत गेला. देणगीदाराची इच्छा आणि शहराची सोय यांची गाठ अशी पडते.

टिपणी_वाचक

प्याऊप्रेमी, पाण्याचं दान स्वीकारणं सोपं आणि चालवणं अवघड. शहरातल्या कित्येक जुन्या प्याऊंना, म्हणजे पाणपोयांना, आज नळजोडणीच नाही, दगड तेवढा शिल्लक आहे. कूलर दिलात तर जोडणी कोणाच्या नावावर, फिल्टर कोण बदलणार, टाकी कोण धुणार हे लिहून द्या. पहिल्या वर्षीचा फिल्टर संपला की कूलरवर "बंद आहे" असा कागद चिकटतो. तरी एकूण मत तुमच्याच बाजूने.

दादर_पश्चिम

सगळ्यांचे आभार. टाइल्सचं भित्तिचित्र आणि पोकळ चौथरा, दोन्ही ट्रस्टपुढे ठेवतो. दोन शंका उरल्या. मूर्तिकार म्हणतात, आतच ठेवायचा तर फायबरवर ब्राँझचा रंग दिला तरी चालेल, खर्च बराच कमी होईल. चालेल का? आणि फलक पितळेचा असावा असं काही विश्वस्तांचं म्हणणं आहे.

ओतकाम

फायबर आत टिकतं. ऊन नसेल तर रंग लगेच पांढुरका पडत नाही आणि स्लॅबचा प्रश्नच मिटतो. पण दहा-बारा किलोचा पुतळा स्ट्रेचरच्या धक्क्याने हलतो, कोपरा उडाला की आतली पांढरी जाळी दिसते. केलात तर आत सांगाडा घाला, चौथऱ्याला बोल्टने बांधा आणि फायलीत, ड्रॉइंगवर, फलकाच्या मागे सगळीकडे "फायबर" असंच लिहा. मान्यता ब्राँझला आणि उभं फायबर, असं झालं तर पुढच्या लेखापरीक्षणात ते ट्रस्टच्याच अंगावर येईल.

पितळ नको. एक तर ते चोरीला जातं. दुसरं म्हणजे सफाई कामगार मन लावून ते चकाकवतात आणि पाच-सात वर्षांत अक्षरं बोथट होतात. चौथऱ्याच्याच काळ्या ग्रॅनाइटमध्ये ३ मिमी खोल कोरून पांढरा रंग भरा. अक्षर किमान २० मिमी उंच, नाहीतर वयस्कर माणसाला वाचता येत नाही.

टिपणी_वाचक

मजकूर पाच ओळींत संपवा: नाव, जन्म-मृत्यूची वर्षं, इथे कोणत्या काळात काय काम केलं, मूर्तिकाराचं नाव, शेवटी लहान अक्षरांत ट्रस्टचं नाव आणि साल. "यांच्या शुभहस्ते" ही ओळ कोरू नका. ती ठेवली की पाहुणा ठरेपर्यंत दगड कोरता येत नाही, मध्ये आचारसंहिता लागली की अनावरणही अडतं, आणि पाहुणा बदलला तर दगडच बदलावा लागतो.

लॉबीत पुतळा ठेवल्यावर खाटा जाणाऱ्या वाटेची २.४ मीटर मोकळी रुंदी उरते का, हे टेप लावून फोटोसकट द्या. अग्निसुरक्षेचं ब प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैत द्यावं लागतं. तपासणीवाल्याला वाटेत चौथरा दिसला तर तो शेरा मारेल, आणि पुतळा रातोरात कोपऱ्यात जाईल.

बसवल्यानंतरचं काम बहुतेकांकडून राहतं. दोन्ही वस्तूंची नोंद प्रसूतिगृहाच्या जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे डेड स्टॉक रजिस्टरात करून घ्या आणि नोंद क्रमांकाची प्रत ट्रस्टच्या दप्तरी ठेवा. नोंद नसलेली वस्तू कागदावर अस्तित्वातच नसते, रंगकामाच्या वेळी ती भंगारात गेली तरी कोणाला जाब विचारता येत नाही. तोच क्रमांक चित्राच्या मागच्या बोर्डावर आणि चौथऱ्याच्या आतल्या बाजूला पक्क्या रंगाने लिहा. दरवर्षी पावसाळा संपला की ट्रस्टचा एक माणूस जाऊन फोटो काढून एक ओळीचं पत्र आवक विभागात देऊन पोच घेईल, एवढं हमीपत्रातच लिहून टाका.